साहेबांच्या आयडीवर

"तुमच्या लोकांच्या हातात कॉम्प्युटर दिला की असंच होणार."

साहेब सगळ्या ऑफिससमोर बोलले. मी फरशीकडं बघत उभी. हातात माफीनामा, त्यांनीच टाइप करून आणलेला. खाली माझं नाव. मी सही केली.

चूक माझी नव्हती. तरी केली. हे लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

परभणीतली बियाण्याची कंपनी. कोणतं बी कुठल्या गोदामात, उगवण किती, ही सगळी नोंद आतल्या थंड खोलीतल्या जुन्या सर्व्हरवर. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. माझं आडनाव सगळ्यांना ठाऊक, म्हणून मला प्रसाद दाराबाहेर. मी बाहेरच्या डेस्कटॉपवर. सर्व्हरवरनं कागद छापून यायचे आणि मी तेच आकडे डेस्कटॉपच्या डेटाबेसमध्ये पुन्हा बडवायची. शेवटी पूर्णा-परभणी गाडीत जाता-येता मोबाइलवर वाचून शिकले आणि दोन्ही जोडले. सर्व्हरवरच्या नोंदी थेट माझ्या पडद्यावर. लय आनंद झाला होता.

पण जोडणी उघडायची तर लॉगिनचा आयडी साहेबांचा. "कंत्राटी बाईला वेगळा कशाला?" म्हणायचे. वरचे अधिकारी आले तेव्हा साहेब म्हणाले, "हे मी केलं." मी चहाचे कप उचलत होते. उचलत राहिले.

मी त्यांना सांगितलं होतं, साहेब, ही नक्कल नाही, इथं खोडलं की तिथंही जातं. "मला शिकवता?" म्हणाले. एका दुपारी माझ्या खुर्चीत बसून 'कचरा काढतो' म्हणत त्यांनी जुन्या नोंदी खोडल्या. सर्व्हरवरच्याही गेल्या. गोदामवाले ओरडत आले आणि साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. मी तर स्वतःच्या पायानं चढले.

पूर्णेला घरी आल्यावर आईला सांगितलं. आई रेल्वे स्टेशनवर झाडू मारायची. हजेरीला अंगठा द्यायचा नाही म्हणून चाळिशीत सही शिकलेली बाई. तिनं नीट ऐकून घेतलं.

"जे तू केलंच न्हाई, त्याच्यावर सही केलीस," ती म्हणाली. "आन् जे केलंस, त्याच्यावर नाव कुणाचं हाय?"

साहेबांपुढं वाटली नव्हती एवढी लाज आईपुढं वाटली.

दुसऱ्या दिवशी हातानं लिहिलेलं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. माफीनामा मागं घेते. नोंदी कुणी खोडल्या, तेही लिहिलं. इथून पुढं दुसऱ्याच्या आयडीवर काम करणार नाही.

"नोकरी नको वाटायलीय का?"

"पाहिजे. माझ्या नावानं पाहिजे."

आयडी अजून मिळालेला नाही. साहेबांच्या आयडीनं जोडणी मी उघडत नाही, म्हणून छापील कागदांचा ढीग पुन्हा वाढायलाय. मी रोज दहाला जाते, खुर्चीत बसते, की-बोर्डला हात लावत नाही. येणारे-जाणारे बघतात. उठून जावंसं वाटतं, खोटं कशाला सांगू? पण उठत नाही.

साहेब, मला काढायचं असेल तर लेखी काढा. आणि कारण खरं लिहा.