उपाशीपोटी तपासलेले पर्चे

कळंबचे कल्याणप्पा मास्तर विद्यापीठाच्या मराठीच्या परीक्षकांपैकी एक होते. निजामाच्या राजवटीत सगळं शिक्षण उर्दूतून. मराठीचा एवढा एकच पर्चा, म्हणजे पेपर, उरलेला आणि त्याचा न्याय आपल्या हाती, याचा त्यांना भारी अभिमान. तहसीलदारानं दारात येऊन विनवलं तरी मास्तर अर्धा गुण वाढवत नसत.

त्यांची तऱ्हाही जगावेगळी. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आला की सकाळी अंघोळ, भस्म, लिंगपूजा आणि मग उपाशीच तपासायला बसायचं. भरल्या पोटी हात सैल सुटतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा जेवले की उत्तरपत्रिकेला शिवायचे नाहीत. बायको शिवम्मा बिचारी ताट झाकून बसायची. "पहिल्याला जे माप, तेच शेवटच्याला," असं मास्तर म्हणायचे आणि ते खरंही होतं. घात झाला तो त्यामुळंच.

एका साली वाशीचे दोन जोडीदार, सिदू आणि ज्ञानोबा, इंटरला बसले. जो पास होईल त्याला गावच्या शाळेत मास्तरकी मिळणार होती. सिदू पास झाला. ज्ञानोबा मराठीत नापास झाला. यांनीच आपल्याला पास केलं असं समजून सिदू पेढे घेऊन कल्याणप्पांच्या पाया पडायला आला आणि मोटेवरचा आपला निबंध त्यानं हौसेनं म्हणून दाखवला.

मास्तरांनी हातातला पेढा खाली ठेवला. हाच निबंध, शब्दाला शब्द, त्यांनी वाचला होता आणि नापास केला होता.

"आमच्या पंतोजींनी मला अन् ज्ञानोबाला एकच पाठ करून दिल्ता," सिदू म्हणाला. त्याचा पर्चा दुसऱ्या परीक्षकाकडं गेला होता, एवढाच काय तो फरक.

मास्तरांचं माप सगळ्यांना सारखं होतं, पण मापच खोटं होतं. भुकेला हात सगळ्यांनाच कमी देत आला होता. आणि एकट्या ज्ञानोबाला वाढवून देणं हाही अन्यायच. सगळा गठ्ठा पुन्हा तपासून घ्या, असं त्यांनी विद्यापीठाला कळवलं. निकाल आता बदलणार नाही, असं उत्तर आलं. वर, आपल्या तपासणीत कुठंही कमी-जास्त आढळलं नाही, अशी शाबासकी.

पुढं बाजाराच्या दिवशी ज्ञानोबाची आई धुरपदाबाई दारात आली. "पोरगं जेवंना मास्तर. म्हंतंय, सिदूनं लिव्हलं तेच म्या लिव्हलं, कुनीतरी दगा केला. पुन्यांदा इम्तानाला बसतो म्हंतंय. बसू देऊ का?"

मास्तरांना लपवता येईना. "बाई, त्याचा पर्चा मीच तपासला. चूक माझी आहे."

तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग तिचा चेहरा निवला.

"तुमी तपासला व्हय? मंग न्हाय चूक. तुमी कुनाचं कमी-जास्त करीत न्हाय, समद्या मुलखाला ठावं हाय. पोराचंच डोस्कं कमी."

मास्तर परोपरीनं सांगत राहिले, पण तिला तो त्यांचा मोठेपणाच वाटला. तिनं घरी जाऊन लेकाला तसंच सांगितलं. ज्ञानोबालाही ते पटलं. तो पुन्हा परीक्षेला बसला नाही.