नानांची चौथी आवृत्ती

नाना कुठल्याही गोष्टीची एकच प्रत कधी वाचत नसत. घरात पंचांगं दोन, वर्तमानपत्रं दोन, आणि प्रेशर कुकरबरोबर आलेलं माहितीपत्रकसुद्धा त्यांनी एकदा हिंदीतून आणि एकदा इंग्रजीतून वाचलं होतं. "हिंदीवाला म्हणतो शिटी झाल्यावर आच कमी करा, इंग्रजीवाला म्हणतो बंद करा. आता भात कुणाच्या भरवशावर लावायचा?" असं त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायकोला, म्हणजे सुमतीकाकूंना, विचारलं. काकू म्हणाल्या, "माझ्या." आणि शिटी झाली.

नानांचा जन्म जुन्या पोथ्यांत गेला. एकाच ग्रंथाची हस्तलिखितं शेजारी शेजारी मांडायची, कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा आहे ते बघायचं, आणि मूळचा पाठ कुठला, मागाहून कुणी घुसडलेला कुठला, हे ठरवायचं, हा त्यांचा विद्यापीठातला उद्योग. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, खोड सुटली नाही. दूधवाल्यानं उद्या दूध येणार नाही म्हटलं तरी नाना विचारत, "प्रमाण काय?" दुसरं त्यांचं ठेवणीतलं वाक्य म्हणजे, "गोड पाठ मागाहूनचा." त्याचा अर्थ त्यांनीच मला सांगितला होता. "नक्कल करणारा माणूसच असतो गं. कथेत कुणी मरायला टेकलं की त्याला दया येते, आणि तो पदरचा एक श्लोक घालून त्याला उठवून बसवतो. म्हणून दोन पाठांपैकी जो गोड वाटेल त्याच्यावर आधी संशय घ्यायचा."

मी बँकेतल्या बदलीनं साताऱ्याहून बनारसला आले आणि दुर्गाघाटावर त्यांच्या घरात पहिल्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. भाडेकरारावर सही करायला मी पेन काढलं तर म्हणाले, "दोन्ही प्रती वाचल्यास? नाही? मग बँकेत करतेस काय?" मला राग आला होता, आणि बँकेत दिवसभर मी प्रतीच ताडून बघत होते म्हणून जरा जास्तच आला होता. पण संध्याकाळी काकूंनी वरून हाक मारून साबुदाण्याची खिचडी खायला बोलावलं, आणि त्या घरावर फार काळ रागावून राहणं मला जमलं नाही.

काकूंना फुप्फुसं हळूहळू घट्ट होत जाण्याचा आजार होता. त्यांच्या नाकाला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा, आणि खाली गल्ली अशी की मोटार सोडाच, दोन माणसं आणि एक गाय समोरासमोर आली तर गायच पुढे जाणार. वीज गेली की मशीन बंद पडायचं, म्हणून सिलिंडर भरून ठेवावे लागत. ते उमेश खांद्यावर घालून वर आणायचा. हा चाळिशीतला पक्का बनारसी माणूस सिलिंडर भिंतीला टेकवून, काकूंच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जिना उतरत नसे. काकूंनी मंगला गौरीचं देऊळ कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. घरापासून हाकेच्या अंतरावर, पण पायऱ्या कोण चढणार? खिडकीतून दिसायची ती शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आणि तिच्यावरची माकडं.

त्यांचा वेळ जावा म्हणून पुण्याच्या भाच्यानं दिवाळीला एक खेळ आणून दिला. टेबलावर बसून खेळायचा, पण सोंगट्या-पट काही नाही. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि फासे. एकानं सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. पुढे काय करायचं ते ज्याचं त्यानं बोलायचं, ते साधलं की फसलं ते फासा सांगणार. गोष्ट अशी की पृथ्वीपासून अतिदूर एक अवकाशयान चाललं आहे, त्यात कुणीही न पाहिलेलं काहीतरी शिरलं आहे, आणि हवा मोजकी आहे. मला वाटलं, आजारी बाईला हे असलं द्यायचं? पण काकूंनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा नळ्या लावलेला अंतराळवीर पाहिला आणि म्हणाल्या, "हा तर माझ्यासारखाच आहे. मी कप्तान होणार." यानाचं नाव त्यांनी 'मंगला' ठेवलं. नाना सूत्रधार, मी डॉक्टर, उमेश इंजिनवाला. रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही काकूंच्या पलंगाभोवती बसायचो. नाना कीर्तनकाराच्या आवाजात सांगू लागत, "भिंतीच्या आत, नळांमधून, काहीतरी खरवडत पुढे सरकतं आहे..."

"गुरुजी, ई मूस त नाहीं हौ?" उमेश विचारायचा.

"उंदीर नाही, उमेश. पृथ्वीवरचं काही नाही."

"त हम दरवाजा बंद करत हईं," म्हणून उमेश फासा टाकायचा, आणि काकू हसता हसता खोकू लागायच्या.

भाच्यानं दिलेलं पुस्तक तिसऱ्या आवृत्तीचं आहे, हे नानांच्या लक्षात आलं त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. भाच्याला फोनवर फोन करून त्यांनी पहिली आणि दुसरी आवृत्ती मागवली. मग तिन्ही पुस्तकं पोथ्यांच्या लाकडी तिवयांवर उघडी ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, ओळीखाली बोट फिरवत ते बसले. आम्हाला मग दर रविवारी खेळाआधी प्रवचन. पहिल्या आवृत्तीत हवा संपली की माणूस मेलं. दुसरीत शेजाऱ्याला आपल्यातली अर्धी हवा त्याला देता येते. तिसरीत हवा संपली तरी एक शेवटचा फासा मिळतो, आणि तो बरा पडला तर माणूस उठून बसतं. नानांचा निकाल ठरलेला होता. "पहिली आवृत्ती मूळ. पुढे खेळणाऱ्यांनी कुरकुर केली असणार, आणि लिहिणाऱ्याला दया आली. गोड पाठ मागाहूनचा. आपण पहिलीप्रमाणे खेळायचं."

एक नियम मात्र त्यांना फार आवडला होता. मरण्याआधी कप्तानाला एक वाक्य बोलता येतं. ते वाक्य म्हणजे हुकूम, आणि उरलेल्यांना तो मोडता येत नाही. "हा तिन्हींत जसाच्या तसा. एका अक्षराचा पाठभेद नाही," नाना म्हणाले. "म्हणजे हा ग्रंथाचा गाभा." काकू तेव्हा वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा सोलू लागल्या.

हिवाळ्यात काकूंचं अंग उतरलं. नव्या तपासण्यांचे रिपोर्ट घेऊन मी नानांबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात सांगितलं की आता करण्यासारखं काही उरलं नाही, थोडे महिने, तेही घरात सुखानं जातील असं बघा. नाना म्हणाले, "प्रमाण काय?" डॉक्टरनं छातीचा फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. नाना त्या फोटोकडे इतका वेळ बघत राहिले की बाहेरच्या पेशंटनं दार वाजवलं.

पुढचं सांगताना आजही माझा जीव तुटतो. नानांनी तो रिपोर्ट लखनौला पाठवला, मुंबईला पाठवला, पुण्याला भाच्याच्या ओळखीच्या डॉक्टरला पाठवला. उत्तरं आली ती त्यांनी खाली माझ्या खोलीत आणून, काकूंना दिसू नयेत म्हणून, माझ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. कुठल्या तरी एकात एखादा शब्द वेगळा असेल म्हणून ते ओळीखाली बोट फिरवत राहिले. एकदा वरून खाली, मग खालून वर. शेवटी चष्मा काढला. "वैशाली," ते म्हणाले, "पाठभेद नाही गं." आणि जन्मभर पाठभेदांच्या शोधात राहिलेला तो माणूस माझ्या स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडला. मी पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

वर जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "इन्फेक्शन आहे. उतरेल."

त्या रविवारी खेळताना नाना म्हणाले, "आज तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे." काकूंच्या कप्तानाची हवा संपत आली की शेवटचा फासा मिळू लागला. तोही वाईट पडला की नाना म्हणत, "फासा पलंगाला लागला, धरायचा नाही." मग एक दिवस फासा पलंगाला न लागताच वाईट पडला, तेव्हा नानांनी घसा खाकरून सांगितलं की आता चौथी आवृत्ती निघाली आहे, आणि तिच्यात मदतीला दुसरं यान येतं. तशी आवृत्ती नव्हती. दुसऱ्यांनी घुसडलेला एक श्लोक हुडकायला वर्ष घालवणारे नाना आता भर दुपारी, आमच्या डोळ्यांदेखत, पदरचे श्लोक घालत होते. उमेशनं माझ्याकडे पाहिलं. मी फासे गोळा केले.

खऱ्या आयुष्यातही त्यांनी चौथी आवृत्ती काढलीच होती. लखनौच्या एका मोठ्या दवाखान्यात काकूंना दाखल करायचं त्यांनी ठरवलं. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की आणलंत तर घशात नळी घालून मशीनवर ठेवू, पण त्यातून त्या परत येतील असं आम्ही म्हणत नाही. नानांनी त्यातलं पहिलं अर्धं तेवढं ऐकलं. सोमवारी सकाळी खुर्चीला बांबू बांधून चौघांनी काकूंना गल्लीतून रस्त्यापर्यंत न्यायचं, तिथं ॲम्ब्युलन्स. उमेशला चार माणसं सांगून ठेवायला सांगितलं. मी एकदा म्हटलं, "नाना, काकूंना विचारा तरी." ते माझ्यावर ओरडले. "तिला काय विचारायचं? तिला श्वास घ्यायला येत नाही, तिला विचारू?" बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. काकूंना सांगितलं होतं, नुसती तपासणी आहे.

आदल्या दिवशी, रविवारी, दुपारी वीज गेली. उमेशनं सिलिंडर लावला. मशीनची घरघर थांबल्यामुळे खोली एकदम गप्प झाली, आणि काकूंचा श्वास ऐकू येऊ लागला. तो ऐकण्यापेक्षा खेळ बरा म्हणून आम्ही खेळायला बसलो. 'मंगला'च्या तळघरात दार लागलं, आणि कप्तान आत अडकली. हवा संपली. काकूंनी फासा टाकला, वाईट पडला. नाना घाईघाईनं म्हणाले, "चौथ्या आवृत्तीप्रमाणे, इतक्यात दूरवर एका यानाचे दिवे..."

"प्रमाण काय?" काकूंनी विचारलं.

नाना चष्मा पुसू लागले.

"दाखवा ना चौथी आवृत्ती. कुठे आहे?"

"पुण्याहून... यायची आहे."

"अहो," काकू म्हणाल्या. त्यांना दर दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागत होतं, आणि त्या थांबत होत्या. "संसारभर ऐकत आले मी. गोड पाठ मागाहूनचा. आता माझ्याच वेळी विसरलात? पहिलं पुस्तक घ्या. वाचा."

नानांनी पहिली आवृत्ती मांडीवर घेतली. ते पान त्यांना पाठ होतं, तरी सापडेना. मग त्यांनी एकेक शब्द मराठीत सांगत वाचलं, "हवा संपली की... पात्र मरतं."

"आणि माझ्या रिपोर्टात काय आहे?"

नानांनी पुस्तक मिटलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. उमेश दाराशी पाठमोरा उभा राहिला.

"तेच आहे," नाना म्हणाले. "सगळ्या प्रतींत तेच आहे, सुमती."

"मला ठाऊक होतं. श्वास माझा आहे, मला नाही कळणार? आणि फोनवर तुम्ही ओरडून बोलता, नळीचं अन् त्या चार माणसांचं सगळं इथं ऐकू येतं." काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "लोक मरायला काशीत येतात, आणि तुम्ही मला काशीतून बाहेर नेताय. बरं, मी कप्तान आहे. माझं एक वाक्य उरलंय. तिन्ही पुस्तकांत आहे ना?"

नानांनी मान हलवली.

"तर ऐका. उद्या कुठंही जायचं नाही, माझ्या घशात नळी घालू द्यायची नाही, इथं माझ्याजवळ बसायचं, आणि मी गेल्यावर तुम्ही दोन्ही वेळा जेवायचं."

"हे चार हुकूम झाले," नाना म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"वाक्य एकच आहे," काकू म्हणाल्या. "उमेश, वो कल वाले चार लोगों को मना कर दो, भैया."

"जी, अम्मा," उमेश म्हणाला आणि खाली उतरला. चहा न घेता तो गेला, असं त्या घरात पहिल्यांदाच घडलं.

काकू होळीच्या आधी, सकाळी, आपल्याच पलंगावर गेल्या. नाना जवळ बसले होते. उमेश आणि गल्लीतली माणसं त्यांना खांद्यावरून घेऊन उतरली, ती मंगला गौरीच्या बाजूनं गेली. वाट जरा लांबची होती, पण उमेशनं कुणाला विचारलं नाही.

नंतर माझी बदली झाली. निघताना दुपारी निरोप घ्यायला वर गेले तर नाना ताटावर बसले होते. समोर वरणभात, वरण वाळून त्यावर साय धरलेली. मशीन गेल्यामुळे पलंगाशेजारी फरशीचा एक चौकोन जास्त पांढरा दिसत होता. नाना किती खंगले होते ते मी सांगत नाही. मी म्हटलं, "नाना, जात नसेल तर राहू द्या. थोडं दूध घ्या."

"जात नाहीच," ते म्हणाले. "घशाखाली उतरत नाही. काल रात्रीही उतरलं नाही, परवाही नाही. रोज वाटतं, आज ताटावरून उठावं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण उठायचं कशाच्या आधारावर? हुकुमाचं पान तिन्ही प्रतींत पुन्हा पाहिलं मी, वैशाली. कुठंही पाठभेद नाही."

मला गाडी गाठायची होती, तरी मी समोर बसून राहिले. नानांनी डावा हात जमिनीवर टेकला, डोळे मिटले, आणि भाताचा पुढचा घास कालवला.