चार व्होल्टवरचा फोटो

"ताई, तेवढा चालू करा. डॉक्टर औषधाचं नाव विचारायलेत."

कांताबाईंनी काउंटरवर फोन ठेवला. त्याला कीटकनाशकाचा उग्र वास येत होता. त्यांचे यजमान कापसावर फवारणी करताना शेतातच कोसळले होते. फोन खिशात होता, पंपातलं पाणी त्यावर सांडलं. आता यजमान परभणीत, माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोरच्या दवाखान्यात आयसीयूत होते.

"बाटल्या कुठायत?"

"बांधावर जाळल्या त्यायनी. औषध देनारा सेलूचा दुकानदार दिरांचा फोन उचलंना. पन यात फोटो हाय. किती टाकायचं ते ध्यानात राहावं म्हनून काढला व्हता. दीर म्हनायलेत एकच औषध व्हतं. मला तसं वाटत न्हाई."

मी हातमोजे घातले. मागचं कव्हर उघडलं. बॅटरी पापडासारखी फुगलेली. अशा बॅटरीला टोक लागलं तर ती पेट घेते. वाळूची बादली जवळ ओढली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बॅटरी हळूहळू सुटी केली. त्या मॉडेलची दुसरी बॅटरी दुकानात नव्हती.

राहिला डीसी सप्लाय. हे टेबलावरचं मशीन बॅटरीऐवजी फोनला करंट देतं. बोर्डावरचं पाणी पुसून, सुकवून मी चार व्होल्ट सेट केले, वायरी लावल्या. फोन थरथरला आणि बंद पडला.

कारण सोपं आहे. बॅटरीच्या कनेक्टरला प्लस आणि मायनसशिवाय आणखी एक पिन असते. तिच्यावरून फोन बॅटरीचं तापमान तपासतो. ती मोकळी असली, की बॅटरीच नाही असं समजून तो बंद होतो.

ही पिन ज्याला जोडलेली असते ते बारीक सर्किट बॅटरीच्या डोक्यावर, धातूच्या दोन पट्ट्यांनी जोडलेलं असतं. फुगलेल्या बॅटरीवरून ते कापून घ्यायचं होतं. एका वेळी एकच पट्टी कापली, लगेच टेप लावली. दोन्ही पट्ट्यांना कात्री एकदम लागली असती तर ठिणगी. कांताबाई मागं सरकल्या नाहीत.

सर्किटला सप्लायच्या वायरी सोल्डर केल्या, ते फोनला जोडलं. लोगो आला. गेला. करंटची मर्यादा कमी पडत होती. ती वाढवून दोन अँपिअर केली. या वेळी स्क्रीन उजळली.

"पॅटर्न माहीत आहे?"

त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा उघडलं.

फोटोत एक नव्हे, दोन बाटल्या होत्या. मी माझ्या मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला. तो मोबाइल घेऊन कांताबाई रस्त्यापलीकडे पळाल्या आणि धापा टाकत परत आल्या.

"दुसऱ्या बाटलीवरची बारीक अक्षरं दिसत न्हाईत म्हनं!"

फोन तापायला लागला होता. वायरीला धक्का न लावता मी फोटो मोठा केला, लेबलाचे तुकड्या-तुकड्यानं फोटो घेतले. शेवटचा घेतला आणि स्क्रीन काळी झाली. पुन्हा चालू झाली नाही, पण कांताबाई माझा मोबाइल घेऊन परत पळाल्या होत्या.

संध्याकाळी त्यांचे दीर आले. दुकानात शिरताच म्हणाले, "वहिनीचंच खरं निघालं. डॉक्टरांनी इलाज बदललाय."

महिन्याभरानं नवरा-बायको दोघं दुकानात आले. यजमान वाळले होते, पण स्वतःच्या पायानं आले होते. त्यांना नवा फोन हवा होता. मी बजावलं, "फवारताना फोन घरी ठेवा. अन् औषधाचा फोटो काढला की बायकोलाही पाठवत जा."

कांताबाई म्हणाल्या, "मला कुठं फोन हाय, ताई?"