मीठ चाखून बघणारी बाई

बायको गेली आणि मुलानं मला टेक्सासला आणलं. घरामागं तारेचं कुंपण, पलीकडं एका गोऱ्या बाईचं गवताचं रान. माझ्याच वयाची, डोक्यावर मोठी टोपी. मांसासाठी गाई पाळायची, म्हणून आधी मी तिच्याकडं बघायचोही नाही. नाव अजून ठाऊक नाही. ती बोलायची ते सूनबाई मला मराठीत सांगायची.

गेल्या वसंतात नुसतं कोवळं गवत खाऊन तिच्या दोन गाई थरथरत पडल्या आणि मेल्या. त्या गवतात मॅग्नेशियम कमी असतं म्हणे. यंदा तिनं मॅग्नेशियम घातलेल्या क्षार-मिठाची निरनिराळी पोती आणली. प्रत्येकातली चिमूट आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायची, तोंड वाकडं करून थुंकायची. सगळ्यात कमी कडू निघालं ते गाईंपुढं ठेवलं. माझी बायको म्हशीचं आंबोण असंच चाखायची. मी कुंपण धरून उभा राहिलो.

गाईंनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. कोपऱ्यातली साध्या मिठाची वीट चाटायला गेल्या. बाईनं ती वीटच उचलून गाडीत टाकली.

"मीठ पाहिजे ना? मग हेच खा, महाराण्यांनो!"

मी सूनबाईकरवी विचारलं, "शेवटी कापायच्याच, मग एवढं कशाला?"

ती म्हणाली, "खाटकाकडं मी ठरवून धाडते. माझ्या आळसानं एकही मरता कामा नये."

गाई रुसल्या, मग एकेक करून आल्या.

कोवळं गवत सरलं, धोका टळला. एकही पडली नाही. बाई रानात टोपी उडवून ओरडली. मीही ओरडलो, "जिंकलीस गं!"

सूनबाई म्हणाली, "बाबा, हळू! शेजारी बघतायत."

"बघू देत. आपल्या गाई वाचल्यात!"