किती वर्षं बोलता, म्यॅडम?

आमच्या ओपीडीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. पेशंट जातो, किस्सा मागं राहतो! सोलापुरात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे डॉक्टर आम्ही. मावा-गुटखा रोज नवा माणूस पाठवतो आणि तो समोर बसून एकच विचारतो, ‘किती?’ म्हणजे अजून किती जगणार. या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. उत्तर मला माहीत नसतं, आणि द्यावं तर लागतं.

*

नातेपुत्याहून एक काका आले. गालाचा कॅन्सर. मी घाम गाळून टक्केवारी समजावली. शंभरातले इतके बरे होतात, वगैरे. काकांनी शांतपणे ऐकलं.

‘म्यॅडम, पस्तीसच्या वर हाय न्हवं?’

‘आहे की.’

‘मग पास! धाव्वीला आमाला एवढंबी पडलं न्हवतं!’

मुलगा बाहेर जाऊन रडला. काका कँटीनमध्ये दूध पीत भेटेल त्याला रिझल्ट सांगत होते. दिवाळीच्या आत गेले.

*

आमचे सर ऑपरेशन फार सुंदर करतात, पण बोलणं निम्मं इंग्रजी. गाठीसोबत भोवतीचा थोडा चांगला भागही कापतात, त्याला म्हणायचं मार्जिन. ते पुरेसं मिळालं की पेशंटची आशा वाढते.

बार्शीच्या एकाची जीभ ऑपरेट केली. त्याचा थोरला भाऊ धान्याचा आडत्या. सर खुशीत बाहेर येऊन म्हणाले, ‘मार्जिन मस्त मिळालं, शेठ. पाच मिलिमीटर!’

शेठना सरांची कीव आली. ‘एवढ्या मार्जिनवर तुमचं भागतं कसं, डॉक्टर?’

आम्ही आठवडाभर हसत होतो. पुढं गाठ परत आली. शेठ म्हणाले, ‘तरी मी म्हनत हुतो, मार्जिन कमी हाय.’ त्या दिवशी कुणी हसलं नाही.

*

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कामगाराचं तोंड गुटख्यानं आखडलं होतं. बोटसुद्धा आत जाईना. मी त्याच्या बायकोला विचारलं, ‘कधीपासून उघडत नाही?’

‘लगीन झाल्यापास्नं उगडंच हुतं की! आत्ता कुटं बंद पडलंय.’

दोघी पोट धरून हसलो. मग ती डोळे पुसत म्हणाली, ‘शिव्या दिऊ दे बाई, पन उगडू दे.’

*

आणि हे अण्णा. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायचे. आवाज घोगरा झाला होता, तरी गेटवर बोलले की मला आत कळायचं. कॅन्सर स्वरयंत्राचा, बराच वाढलेला. स्वरयंत्र काढलं तर जगायची आशा, पण आवाज कायमचा गेला. ठेवलं तर आवाज राहील, अण्णा राहणार नाहीत.

अशा वेळी सर खिडकीबाहेर बघतात. बोलावं मलाच लागतं.

‘न काढता किती?’ अण्णांनी विचारलं.

‘वर्ष. फार तर.’

‘एक वर्ष बोलले, एक वर्ष! फुडं बोला!’ जन्माची सवय ती.

‘काढलं तर... पाच धरू या.’

‘पाच बोलले, पाच! पाचाच्या वर कोन हाय का?’

‘अण्णा, याच्या वर मला नाही हो बोलता येत.’

शेजारी त्यांची बायको बसली होती. पदर तोंडाशी धरून ती हळूच म्हणाली, ‘सोडा की तेवढ्यावर.’

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी होकाराची मान डोलावली.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना टेबलावर घेतलं. भूल द्यायच्या आधी मी विचारलं, ‘अण्णा, काही बोलायचंय?’

त्यांनी घसा खाकरला आणि यार्डात उभं असल्यासारखं पुकारलं, ‘पाच वर्षं, एकवार! पाच वर्षं, दोनवार!’

सिस्टर हातातलं काम टाकून थांबली. सरही ‘तीनवार’साठी थांबले. अण्णांनी एकदा सगळ्यांकडं बघितलं, आणि मास्क स्वतःच्या हातानं तोंडावर ओढून घेतला.