एकट्याची पंगत

त्रिज्या शून्य केली की वर्तुळाचा नुसता बिंदू उरतो, तरी तो वर्तुळच, हे मी वर्गात ठासून सांगत असे. साठ सालानंतरची गोष्ट. मासे विकणाऱ्या बाईचा मुलगा मी, कट्टा गावाच्या पलीकडच्या एका खेड्यात गणिताचा मास्तर झालो होतो. शहाणपण पाजळायची हौस दांडगी.

हेडमास्तरांच्या मुलाच्या मुंजीचं आमंत्रण आलं, तेव्हा माझ्यापेक्षा आईच हरखली. साऱ्या बाजाराला सांगून आली. माझ्या सदऱ्याला तिनं पेजेच्या निवळीची खळ दिली.

मी चपला काढतोय तोच हेडमास्तर बाहेर आले. "मास्तर, आत गर्दी आहे. तुमचं इथं पडवीत निवांत होईल." पडवीत एकच पाट, एकच पान. आतले दोन रिकामे पाट मला दारातून दिसत होते.

मी बसलो, आणि डोकं गणितात पळालं. माणूस एक, तरी पंगतच. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय सुरुवात करायची नाही. वाढून झालं होतं. सगळ्यांचं आटोपल्याशिवाय उठायचं नाही. माझं आटोपलं की सगळ्यांचं आटोपलं. एकही नियम मोडत नव्हता, आणि मी वरणभात नुसताच कालवत होतो.

कोपऱ्यात शेणाचा गोळा ठेवला होता. ज्याला आपल्यात धरायचं नाही त्यानं आपलं उष्टं पान आपण उचलायचं आणि जागा शेणानं सारवायची, ही त्या घरची जुनी रीत. मला कुणी सांगितलं नाही. तसाच चालता झालो असतो तर कोण अडवणार होतं? पण मी पान उचललं, वाकून जागा सारवली आणि वर "जेवण फार छान झालं" म्हणालो. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

आई उंबऱ्यातच वाट बघत होती.

"खंय बसयल्यानी रे तुका?"

"ओळीत पयलो मीच होतंय, गो."

गणितानं ते खरं होतं. ती खुलली. शेजारणीला हाक मारून तिनं कौतुकानं माझा हात धरला. घाईत धुतलेल्या हाताच्या नखांत शेण राहिलं होतं. आईचा चेहरा उतरला. अशी पानं तिनं जन्मभर उचलली होती, तिला काय सांगायचं! तेवढ्यात शेजारीण येऊन उभी राहिली.

आईनं माझा हात पदराखाली ओढून घेतला आणि म्हणाली, "माझो झील पयल्या पंगतीक बसललो."