चाळीस तासांची वही

आमच्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडायला नुसती बोर्डाची परीक्षा पुरायची नाही. बीडमधली खासगी मिशन शाळा ती. तिच्या स्वतःच्या अटी होत्या. रोज सकाळची प्रार्थना, मूल्यशिक्षणाचा पेपर आणि चाळीस तास सेवा. कुठे काय सेवा केली ते वहीत लिहायचं आणि खाली एका मोठ्या माणसाची सही घ्यायची. वही मंजूर झाली तरच निरोप समारंभात नाव पुकारलं जायचं, स्टेजवर मेणबत्ती आणि शाळेचं प्रमाणपत्र मिळायचं.

मूल्यशिक्षणात मी वर्गात पहिली आले. प्रार्थना तर अजूनही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. अडलं ते वहीपाशी.

मी चौसाळ्याहून एसटीनं यायचे. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना झाली की लहान पोरांना पाढे आणि वाचन शिकवायचे. एका पोरीला ‘ळ’ काढायला शिकवण्यात माझे दोन रविवार गेले, आणि शेवटी तिनं काढलेला ‘ळ’ माझ्यापेक्षा देखणा होता. हे सगळं मी वहीत जसंच्या तसं लिहिलं.

मोठ्या सिस्टर आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी वही वाचली आणि मिटली.

"सेवा चर्चमध्ये किंवा मिशनच्या दवाखान्यात व्हायला हवी," त्या म्हणाल्या. मग आवाज मऊ करून, "नवी वही घे. विहाराच्या जागी चर्च लिही. मी काही विचारणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ध्या वर्गानं चर्च फक्त रस्त्यावरून पाहिलं होतं. माझ्या बाकावरची मैत्रीण, मेकॅनिकची लेक, तिनं तर एका मधल्या सुट्टीत बसून चर्चचं अंगण चाळीस तास झाडलं होतं. कागदावर. तिची वही मंजूर!

"लिख दे ना," ती म्हणाली, "कौन देखता?"

घरी आईचंही तेच. ती अंगणवाडीत मदतनीस. मला स्टेजवर बघायचं म्हणून तिनं रजा काढली होती, मला नेसवायला शेजारणीची साडी आणून इस्त्री करून ठेवली होती.

"एकच शब्द तर हाय. लिहून टाक की. कावून इतकी भांडायलीस?"

"मग त्या पोरांना मी शिकवलंच न्हाई का, आई?"

दुसऱ्या दिवशी नवी वही मी कोरीच परत केली.

समारंभाला मात्र गेले. तोंड लपवायला मी काय चोरी केली होती? ती साडी नेसून आईशेजारी मागच्या रांगेत बसले. हजेरीच्या क्रमानं नावं पुकारत होते. माझा नंबर सतरा. सोळावी मुलगी मेणबत्ती घेऊन खाली उतरली आणि माईकवरून अठरावीचं नाव आलं.

मी उभी राहिले. ठरवून नाही, राहवलं नाही म्हणून. माणसं वळून बघू लागली.

"बस की गं," आई माझा पदर ओढत म्हणाली, "समदे बघायलेत."

"बघू दे. सतरा नंबर हजर हाय."

सिस्टर माईकपाशी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या यादीकडे, आणि एकोणिसावं नाव वाचलं.

आईनं माझा पदर सोडला. स्वतःचा नीट केला आणि माझ्याशेजारी उभी राहिली. यादी संपेपर्यंत आम्ही दोघी बसलो नाही.